'आनंदीगोपाळ' : ही गोष्ट लग्नाची, की त्या दहा दिवसांच्या बाळाची?

सई_मुलुंड
आमच्या सोसायटीतल्या वाचन गटात या महिन्यात श्री. ज. जोशींची 'आनंदीगोपाळ' घेतली होती. १९६८ ची कादंबरी, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आणि त्यांचे पती गोपाळराव यांच्यावरची, बहुतेकांनी कॉलेजात असताना वाचलेली, त्यामुळे वाटलं होतं की चहा-पोहे होतील, थोडं बोलणं होईल आणि साडेआठला सगळे आपापल्या घरी. कसलं काय! वॉचमन दिवे बंद करायला आला तेव्हा कुठे उठलो. अर्धा गट म्हणे गोपाळराव नसते तर ती मुलगी कल्याणच्या वाड्यात चूल फुंकत राहिली असती, आणि उरलेला अर्धा गट म्हणे असला नवरा वैऱ्याच्या मुलीलाही मिळू नये.

मला जे म्हणायचंय ते त्या गदारोळात राहूनच गेलं म्हणून इथे लिहितेय. पुस्तक मिटलं की सगळे गोपाळरावांबद्दलच बोलतात, त्यांचा विक्षिप्तपणा, त्यांचा हट्ट, त्यांची मारहाण, त्यांचा द्रष्टेपणा. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला, याबद्दल कोणी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. ८ मार्चच्या प्रत्येक भाषणात आपण म्हणतो की बाळ गेलं म्हणून त्या डॉक्टर झाल्या. मग त्या दुःखाशी आपण थांबत का नाही? तुम्हाला ही कादंबरी कशाची वाटते, लग्नाची की आईपणाची? आणि गोपाळराव तुम्हाला कसे वाटले तेही लिहा, कारण त्याशिवाय हा धागा पुढे जाणार नाही हे मला माहितीये.

टेकडीवरचा
लग्नाचीच. आणि गोपाळराव थोर माणूस. लग्न ठरवताना बायकोला शिकवेन ही अट घालणारा पोस्टातला कारकून १८७४ साली दुसरा दाखवा मला.

वैदेही_नाशिक
@टेकडीवरचा, नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करणारे तेव्हा शेकडो होते, शिकवणारा एक होता, हे मान्य. पण शिकवणं म्हणजे लाकडाने मारणं असतं का? पुस्तक सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून मार! आजूबाजूच्या घरांत स्वयंपाक केला नाही म्हणून बायका मार खात होत्या आणि या घरात केला म्हणून. मार चुकला नाहीच ना पण?

मिहिर_ब
सिनेमा बघून झाल्यावर (२०१९ चा, समीर विद्वांसचा) मी कादंबरी वाचली आणि मला दोन वेगळे गोपाळराव भेटले. सिनेमातला ललित प्रभाकर शेवटी शेवटी आपला वाटायला लागतो, थिएटरात लोक डोळे पुसत होते. कादंबरीतला माणूस तसा आपला होत नाही. तो शेवटपर्यंत अंगावर येतो. मला वाटतं लेखकाने हे मुद्दाम केलंय आणि त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे, साठच्या दशकात समाजसुधारकाचा पुतळा उभा करून मोकळं होणं जास्त सोपं होतं.

वऱ्हाडी_पाहुणा
मले त वाचता वाचता लय राग आला बाप्पा त्या माणसाचा. एकदा त पुस्तक फेकून देल्लं. मंग रात्री उठून पुन्हा घेतलं, काहून का पुढं काय होते ते मालूम असूनही रायवत नव्हतं.

सई_मुलुंड
@वऱ्हाडी_पाहुणा हाहा, आमच्या गटातही एकीने अगदी हेच केलं, फक्त तिचं पुस्तक लायब्ररीचं होतं :)

मालतीआजी
सई, तुझा प्रश्न चांगला आहे गं बाळा, पण सगळे पुन्हा गोपाळरावांकडेच गेले बघ. मी त्या बाळाबद्दल लिहिते.

आमच्या घरांत बाळंतीण झाली की दहा दिवस सोयर. माझ्या आजीच्या वेळेपर्यंत तर बाळंतिणीची खोली वेगळीच, माजघराच्या मागे, खिडकी असलीच तर ती बंद, कारण वारा लागू नये. खाली बाजेखाली शेगडी, त्यात ओवा-शेपाची धुरी. दहा दिवस तिला कोणी शिवायचं नाही, सुईण आणि एखादी विधवा आत्या काय ती आत-बाहेर करणार. पाचवीला सटवाईची पूजा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ती येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणून. त्या रात्री बाळाजवळ कोणीतरी जागं राहायचं. आपण आता ती गंमत म्हणून करतो पण ती भीतीची पूजा आहे, पाच-सहा दिवसांची पोरं इतकी जायची म्हणून ती आली. आणि बारसं बाराव्या दिवशी.

आता जुळवून बघ. आनंदीबाईंचं बाळ दहाव्या दिवशी गेलं. म्हणजे सोयर फिटायच्या सुमाराला गेलं आणि बारशाच्या आधी गेलं. त्याचं नाव ठेवायची वेळच आली नाही. चरित्रात, कादंबरीत, कुठेच त्याला नाव नाही ते म्हणून. आणि ती आई स्वतः चौदा वर्षांची, त्या धुराच्या खोलीत. मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझा मोठा मुलगा पाळण्यात होता. गोपाळरावांचं मला काही आठवलं नाही नंतर किती दिवस, ते बाळ तेवढं आठवायचं.

झुंजुरका
मालतीआजी, बारशाचं माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. काटा आला.

टेकडीवरचा
आजी, तुमचं लिखाण वाचून मीही थांबलो. पण मग कादंबरीकाराने हा भाग एवढा कमी का लिहिला? माझ्या मते कारण साधं आहे, पुरुष लेखक, त्याला त्या खोलीत जाता येत नाही. बाहेर ओसरीवर येरझारा घालणारा गोपाळ त्याला दिसतो.

वैदेही_नाशिक
@टेकडीवरचा आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवतेय.

डॉ_रानफूल
मी मराठवाड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून थोडं त्या बाजूने.

त्या काळी पहिल्या दोन आठवड्यांत बाळं जाण्याचं एक मोठं कारण होतं नवजात बाळाचा धनुर्वात. नाळ कापायला घरातली विळी किंवा जे मिळेल ते, वर राख किंवा शेण लावायचं. बाळ पहिले दोन-तीन दिवस छान दूध ओढतं, मग अचानक तोंड उघडेनासं होतं, दूध घेता येत नाही, अंग ताठ होतं. हा आजार साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो. मालतीआजी म्हणाल्या ती सटवाईची भीती बरोब्बर याच दिवसांतली आहे. भारतातून हा आजार आटोक्यात आल्याचं २०१५ साली जाहीर झालं, म्हणजे आत्ता आत्ता. गरोदर बाईला धनुर्वाताच्या लशीची इंजेक्शनं आणि नव्या ब्लेडने कापलेली नाळ, एवढंच लागतं त्याला.

दुसरं म्हणजे आईचं वय. चौदाव्या वर्षी कटीरभाग पुरता वाढलेला नसतो, कळा लांबतात, बाळ अडतं, रक्त कमी असतं, बाळ कमी वजनाचं होतं. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत अजूनही मुलींची लग्नं लवकर लावतात, कारण कोयता जोडीने लागतो आणि वयात आलेली पोर गावात एकटी कोणाकडे ठेवायची हा आईबापाचा प्रश्न असतो. आधार कार्डावर अठरा, समोर बसलेली पोर सोळाची. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत असतात आणि बीपी बघायला पट्टा बांधायचा तर त्या वर सरकवताना ती लाजते. मी तिला विचारते शाळा कुठपर्यंत, ती म्हणते आठवी. त्या वेळी मला आनंदीबाई आठवतातच, कादंबरीतल्या नाही, खऱ्या.

आणि त्यांचा फिलाडेल्फियाचा प्रबंध कशावर होता माहितीये ना? हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. शरीरशास्त्रातला, डोळ्यांचा, कशाचाही विषय घेता आला असता. त्यांनी बाळंतपण घेतलं. सई, तुझ्या प्रश्नाचं माझ्या दृष्टीने उत्तर तिथे आहे. कादंबरी लग्नाची असेल, आयुष्य आईपणाचं होतं.

करवीरवासी
डॉक्टर मॅडम, लय भारी लिहिलंय. आमच्या कोल्हापूरचं थोडं जोडतो. आनंदीबाईंची नेमणूक इथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डावर झाली होती, म्हणजे आत्ताचं आमचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय). ११ मार्च १८८६ ला डिग्री मिळाली, परत येईपर्यंत क्षयाने पोखरलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस पण पूर्ण नव्हती. इथल्या वॉर्डात त्यांना पाऊल टाकता आलं नाही. त्याआधी बायकोच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकेतल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, तोपण आधी कोल्हापुरात राहिलेला माणूस. त्याने काय उत्तर दिलं, तर ख्रिश्चन व्हा मग बघू. पण ती पत्रं त्याने आपल्या मासिकात छापली आणि तिथनं पुढचं सगळं घडलं.

न्यूजर्सीकर
ते मासिक जिने वाचलं त्या थिओडिशिया कार्पेंटर बाई रोझेलच्या, आम्ही राहतो तिथून फार लांब नाही. दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत चाळत बसल्या होत्या म्हणे आणि त्यात हे पत्र दिसलं. घरी येऊन त्यांनी सरळ आनंदीबाईंना लिहिलं. आधी जवळजवळ तीन वर्षं नुसती पत्रं चालली, मग १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट आणि जूनमध्ये न्यूयॉर्क. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या.

आम्ही काही मराठी मंडळी एकदा न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला आनंदीबाईंच्या स्मृतिशिळेला जाऊन आलो. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. शिळेवर त्यांच्या नावापुढे एम. डी. लिहिलंय आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असं आहे. आमच्यातल्या एका काकूंनी घरून हळद-कुंकू आणलं होतं, त्यांनी ते लावलं, मग सगळ्यांना प्रश्न पडला की आता काय म्हणायचं, आरती तर म्हणता येत नाही. शेवटी काकूंनीच 'बाळा, सुखी राहा' म्हटलं. त्या साठीच्या आणि बोलत होत्या एकवीस वर्षांच्या मुलीशी, त्यामुळे ते बरोबरच होतं.

मला म्हणायचंय ते हे की आईपण शोधायचं तर कार्पेंटर बाईंकडेही बघा. पोटची नसताना, धर्म वेगळा, रंग वेगळा, देश वेगळा, आणि शेवटी तिला जागा दिली ती आपल्या माणसांमध्ये.

झुंजुरका
+१ न्यूजर्सीकर. आणि सख्खी आई? आनंदीबाईंनी कार्पेंटर मावशींना लिहिलेल्या पत्रांत स्वतःच्या आईबद्दल जे आहे ते वाचवत नाही. आई कधी मायेने बोलली नाही आणि मारायची तेव्हा दगड, काठ्या, पेटते निखारे. म्हणजे मुलीने आधी आईचा मार खाल्ला, मग नवऱ्याचा. माया मिळाली ती समुद्रापलीकडे.

तळकोकणी
माका तर तिची आजीच आवडली. लग्न झाल्यावर नातीसोबत अलिबागेक गेली ती. त्या पोराक रात्री कुशीत कोणी घेतला असात तर तिनाच.

मालतीआजी
@झुंजुरका, आनंदीबाईंच्या आईला, गंगाबाईंना, एवढं एका वाक्यात मोडीत काढू नकोस गं. त्या बाईचंही लग्न किती लहानपणी झालं असेल, पाठोपाठ बाळंतपणं, त्यातली किती जगली, घर खाली आलेलं, एकेकाळची श्रीमंती गेलेली. मुलीला निखारा दाखवणं वाईटच, त्याला माझं समर्थन नाही. पण त्या आईला कोणी कधी कुशीत घेतलं होतं? माझी आजी आम्हाला पळीने मारायची आणि तीच रात्री आमच्या पायांना तेल चोळायची. कादंबरीत गंगाबाई नुसती कठोर आई म्हणून येते, तिच्या बाजूने कोणीतरी एक प्रकरण लिहायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं.

मिहिर_ब
आजी, तुम्हीच लिहा ना ते. सीरियसली.

वैदेही_नाशिक
मी परत लग्नाकडे येते कारण एक गोष्ट राहून जातेय. आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांनाच लिहिलेलं एक पत्र आहे, ते अभ्यासक मीरा कोसंबींच्या लेखनात मी वाचलं. त्यात त्या हिशोब मांडतात: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकलीत, सोडून देईन म्हणून धमक्या दिल्यात, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा केल्यात, आणि हे सगळं त्या त्या वयाला, शरीराला आणि मनाला झेपणारं नव्हतं. आणि मग त्यांची वागणूक चांगली होती की वाईट, याला त्यांचं उत्तर, दोन्ही.

हे वाचल्यावर मला आपली सगळ्यांची भांडणं फिकी वाटायला लागली. आपण शंभर वर्षांनी 'थोर की राक्षस' करत बसलोय आणि जिने भोगलं तिने थेट त्याच माणसाला, स्वतः मेडिकल कॉलेजात शिकत असताना, शांतपणे दोन्ही असं सांगितलं. आणि चौदावं वर्ष बघा! ज्या वर्षी बाळ गेलं त्याच वर्षी त्या विचित्र शिक्षा. सई म्हणते तसं लग्न आणि आईपण वेगळे प्रश्न नाहीतच, एकाच वर्षात दोन्ही तिच्या डोक्यावर होते.

टेकडीवरचा
हे पत्र मी वाचलं नव्हतं. तरीही माझं म्हणणं आहेच. १८९१ पर्यंत कायद्याने मुलीचं शरीरसंबंधासाठीचं संमतिवय दहा होतं. दहा! ते बारा करायचं म्हटलं तर पुण्यात केवढा गोंधळ झाला, टिळकांसारखा माणूस विरोधात उभा राहिला. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा व्हायला १९२९ चा सारडा कायदा यावा लागला. त्या वातावरणात गोपाळराव आपल्या बायकोला रस्त्यावरून सोबत घेऊन फिरायला जायचा, लोक दगड मारायचे, नोकरीत बदल्या सोसल्या, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालातलं श्रीरामपूर. त्याला आजच्या मापाने मोजू नका.

डॉ_रानफूल
दगड दोघांनाही लागले पण निवड एकाचीच होती. तो चालायचा ठरवायचा, ती चालायची. मापाचंच म्हणाल तर त्याच काळातली मापं घेऊ. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली १८८६ मध्येच डॉक्टर झाल्या. त्यांचाही नवरा बिजवर, वयाने बराच मोठा आणि सुधारक. पण लग्न झालं तेव्हा त्या पदवीधर होत्या. सावत्र धरून आठ मुलांचा संसार केला आणि आयुष्यभर प्रॅक्टिस केली. आणि मुंबईत रखमाबाई, अकराव्या वर्षी लग्न लागलं, नांदायला जाणार नाही म्हणाल्या, १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा म्हटलं तर तुरुंग चालेल म्हणाल्या. पुढे त्याही डॉक्टर. मग सुरतेत, राजकोटला वर्षानुवर्षं काम. तेव्हा 'काळच तसा होता' हे पूर्ण उत्तर नाही.

टेकडीवरचा
रखमाबाईंच्या मागे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन होते, शिकलेले, मुंबईतले. आनंदीच्या मागे कोण होतं? फक्त तो.

डॉ_रानफूल
हा मुद्दा बरोबर आहे. तिला दुसरं कोणीच नव्हतं हेच तर भयंकर आहे.

वऱ्हाडी_पाहुणा
तुमी दोघं भांडा, मी चाय ठेवतो. पर हे असं वाचाले भेटते म्हणून त येतो इथं.

करवीरवासी
@वऱ्हाडी_पाहुणा चहा ठेवताय तर आमचा पण टाका, साखर जरा जास्त.

झुंजुरका
विषय जरा बाजूला जाईल पण, तो फोटो बघितलाय का कोणी? १८८५ चा, फिलाडेल्फियाच्या कॉलेजातल्या तीन विद्यार्थिनी, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या कपड्यांत. मी तो प्रिंट काढून माझ्या मुलीच्या टेबलासमोर लावलाय. ती सातवीत आहे. तिने बघून विचारलं ही साडीवाली माझ्याएवढीच दिसते ना गं? तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या, पण खरंच लहान दिसतात.

आणि थंडीत नऊवारीतून पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, खोलीतली शेगोटी नीट पेटायची नाही, धूर व्हायचा, शाकाहारी जेवण मिळायचं नाही. गोपाळरावांना दिलेला शब्द पाळायचा म्हणून. कादंबरीत हे वाचताना मला सारखं वाटत होतं की कोणीतरी तिला स्वेटर घाल म्हणा, चार घास गरम खा म्हणा.

सई_मुलुंड
काय लिहिताय सगळे! मी ऑफिसात लपून वाचतेय.

मालतीआजी, बारशाचा मुद्दा मी आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. ज्या दोघी परवा सगळ्यात जास्त तावातावाने गोपाळरावांची बाजू घेत होत्या त्यांतली एक गप्प झाली आणि मग तिने मला फोन केला. तिचं पहिलं बाळ काचेच्या पेटीत असताना गेलं होतं, बरीच वर्षं झाली, गटात कोणालाच माहीत नव्हतं. ती म्हणाली मी गोपाळरावांबद्दल बोलत बसते कारण ते सोपं जातं. तिची परवानगी घेऊनच लिहितेय.

मला वाटतं माझ्या मूळ प्रश्नाला हे लागू पडतं. आपण वाचक म्हणून नवऱ्याच्या वागण्यावर वाद घालू शकतो, त्याला दोन बाजू आहेत. मेलेल्या बाळाला दोन बाजू नसतात, म्हणून सगळे तिथून पटकन पुढे जातात, लेखकही आणि आपणही.

मालतीआजी
तिला माझा नमस्कार सांग. आणि पुढच्या वेळी तिच्या घरी भेटा, सोसायटीच्या हॉलमध्ये नको.

न्यूजर्सीकर
सई, हे वाचून बराच वेळ काही टाईप करता आलं नाही.

एकच जोडतो. निघायच्या आधी २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूर कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केलं, मी अमेरिकेला का जाते या विषयावर. ते आजही वाचायला मिळतं. त्यात हिंदू बायकांना बाई डॉक्टरची गरज का आहे हे सगळं आहे, पुरुष डॉक्टरला दाखवायला बायका लाजतात, दुखणं अंगावर काढतात वगैरे. भरलेल्या सभेसमोर, अठरा वर्षंही पूर्ण नाहीत. स्वतःच्या दुःखातून वाट काढून सगळ्या बायकांच्या गरजेपर्यंत कशी आली असेल ती? कादंबरीत मला तो प्रवास हवा होता, गोपाळरावांच्या डोक्यात काय चाललंय त्याऐवजी तिच्या डोक्यात.

मिहिर_ब
यासाठी कादंबरीच्या बाहेरच जायला लागेल. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र आहे, आनंदीबाई गेल्यानंतर दोन वर्षांतलं, म्हणजे त्याच काळातल्या बाईने त्याच काळातल्या बाईवर लिहिलेलं. आणि अंजली कीर्तन्यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' १९९७ चं, ते तर खजिना आहे. श्री. ज. जोशींनी आपल्याला या माणसांपर्यंत आणून सोडलं हे त्यांचं मोठंच काम. त्यांच्यामुळे घराघरात हे नाव पोचलं, दूरदर्शनवर मालिका झाली, नाटक झालं. पण कादंबरीवर थांबू नये एवढंच.

वैदेही_नाशिक
कीर्तन्यांचं पुस्तक नाशिकच्या वाचनालयात आहे, मी उद्या आणतेय. @टेकडीवरचा तुम्हीही वाचा, मग पुन्हा भांडू.

टेकडीवरचा
नक्की. पण गोपाळराव थोर होता हे मी तेव्हाही म्हणणार आहे, आत्ता फक्त त्यापुढे तिने लिहिलेलं 'दोन्ही' जोडेन.

तळकोकणी
आजीबद्दल कोण काय बोललाच नाय.

मालतीआजी
मी बोलते की रे! आधी मला ते गंगाबाईंचं प्रकरण लिहायचंय, मिहिरने कामाला लावलंय. त्यात आजी येणारच, ती सासू होती ना गंगाबाईंची किंवा आई, ते आधी नीट बघून घेते. सई, तुमच्या गटात पुढच्या महिन्यात काय घेताय?

सई_मुलुंड
आजी, आता काशीबाईंचं चरित्रच घ्यायचं ठरलंय. प्रती मिळवायचं काम सुरू आहे, कोणाकडे असेल तर विपूत (विचारपुशीत) कळवा, दादरहून काय, कुठूनही घेऊन जाईन.